कुंडीतल्या लिंबाची फांदी शेंड्याकडून वाळतेय? फवारणीच्या आधी कुंडीत काय चाललंय ते बघा

कुंडीत लिंबू असो, संत्रं असो नाहीतर मोसंबी, एक दिवस अचानक लक्षात येतं की एका फांदीचा शेंडा वाळलाय. बाकी झाड हिरवंगार, कदाचित फुलंसुद्धा आहेत. मग वाळलेला भाग हळूहळू खाली सरकतो, शेजारच्या फांदीची पानं गळायला लागतात आणि माणूस घाबरून फोटो काढून दिसेल त्याला विचारत सुटतो. एक म्हणतो पाणी कमी पडलं, दुसरा म्हणतो जास्त झालं, तिसरा म्हणतो बुरशी आहे औषध मारा, चौथा खत सुचवतो. आणि अडचण अशी की चौघंही बरोबर असू शकतात, कारण ही सगळी कारणं झाडावर एकच खूण सोडतात. फांदी टोकाकडून बुडाकडे मरत येणं याला शेंडेमर म्हणतात, नर्सरीवाले सरळ डायबॅक म्हणतात. हे लक्षण आहे, स्वतंत्र रोग नाही, आणि कुंडीतल्या झाडात त्याचं कारण बहुतेक वेळा फांदीत नसतंच, ते खाली मातीत असतं.

आधी बघा, फांदी खरंच मेलीये का

पानं गेली म्हणजे फांदी गेली असं नाही. शेंड्यापासून सुरुवात करा, नखाने किंवा चाकूच्या टोकाने साल अगदी हलकी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर तिथे जीव आहे, तपकिरी आणि कोरडं दिसलं तर तो भाग गेला. मग थोडं खाली खरवडा, परत थोडं खाली, जिथे हिरवं सुरू होतं तिथे एक सैलसा दोरा बांधून ठेवा. दोन आठवड्यांनी परत बघा, हिरव्याची सीमा दोऱ्याच्या खाली गेली असेल तर मर अजून चालू आहे, तिथेच असेल तर थांबलीये. या एका दोऱ्याने जेवढं कळतं तेवढं शंभर फोटोंनी कळत नाही.

आणि हो, झाडाच्या आत, दाट पानांच्या सावलीत एखाद-दुसरी बारीक काडी वाळलेली असेल तर घाबरायचं काही कारण नाही. जिला ऊन मिळत नाही ती काडी लिंबूवर्गीय झाड स्वतःच सोडून देतं. बाहेरच्या, उन्हातल्या, कोवळ्या शेंड्यांपासून वाळायला लागलं तर मात्र शोधाशोध करायची.

पानं गळाली की लटकून राहिली?

हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि निदानाचा अर्धा भाग त्यातच असतो. पान गळणं हे जिवंत फांदीचं काम आहे, देठाच्या तळाशी झाड पेशींचा एक थर मुद्दाम कमकुवत करतं आणि मग पान सुटतं. त्याला वेळ लागतो, आणि फांदीत जीव असावा लागतो. म्हणून आधी पानं पिवळी पडून गळाली आणि मग उघडी काडी शेंड्याकडून वाळत आली, तर समजायचं की त्रास हळूहळू चढत गेलाय: मुळं, पाणी, क्षार, थंडी यापैकी काहीतरी. उलट पानं फांदीवरच करपून कोरडी होऊन लटकलीयेत, तर फांदी एवढ्या झटकन मेली की पान सोडायलाही तिला वेळ मिळाला नाही. अशा वेळी फक्त एकच फांदी गेली असेल तर त्या फांदीवर बोट फिरवत खाली या. कुठेतरी ती चिरली असेल, काठीला बांधलेली तार सालीत रुतली असेल (नर्सरीच्या लेबलाचा दोरा हा यातला पक्का गुन्हेगार, दोन वर्षांनी फांदी जाड होते आणि दोरा तिचा गळा आवळतो), किंवा एखादं भोक आणि त्याच्या खाली भुशासारखा चुरा दिसेल, म्हणजे आत अळी बसलीये. आणि अख्खंच झाड असं पानांसकट करपलं असेल तर एकतर ते कडकडीत सुकलंय नाहीतर मुळं एकदम बसलीयेत.

खोडावर जमिनीलगत मधासारख्या रंगाचा डिंक ओघळलेला दिसला तर तो वेगळा मामला, त्याला डिंक्या म्हणतात, त्याकडे पुढे येतो.

पण मग शेंड्यापासूनच का वाळतं?

उंच इमारतीत गच्चीवर टाकी नाही, पाणी खालच्या पंपाने थेट वर चढतंय असं समजा. पंप कमजोर झाला की सगळ्यात आधी वरच्या मजल्याचा नळ कोरडा पडतो, खालच्यांना अजून धार चालू असते. वरच्या मजल्यावर कितीही वेळा नळ बदला, पाणी येणार नाही.

झाडात पंप एका जागी नसतो हे खरं, पाण्याला पानातून होणारं बाष्पीभवन वर ओढतं आणि मुळं खालून पुरवठा करतात. पण हिशोब तोच. मुळं निम्मी झाली की पुरवठा निम्मा होतो, आणि सगळ्यात लांबचे, सगळ्यात कोवळे, सगळ्यात जास्त पाणी उडवणारे शेंडे आधी कोरडे पडतात. झाड पानं गाळून मागणी कमी करतं, तेवढ्याने भागलं नाही तर काड्या सोडतं. वर किती झाड जगवायचं हे खाली मुळं किती उरलीत त्यावर ठरतं.

एकाच बाजूची फांदी का वाळते याचंही उत्तर यात आहे. बऱ्याच झाडांमध्ये एका बाजूची मुळं मुख्यतः त्याच बाजूच्या फांद्यांना पाणी पुरवतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीची एक बाजू दिवसभर उन्हात तापत असेल तर त्या बाजूची मुळं कुंडीच्या भिंतीलगत अक्षरशः भाजून निघतात, आणि वर त्याच बाजूचे शेंडे वाळतात. फवारणी करणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

माती ओली आणि झाड तहानलेलं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मुळांना पाणी लागतं तसा प्राणवायूही लागतो, तो मातीतल्या बारीक पोकळ्यांमधून मिळतो. पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, मरतात, आणि मेलेलं मूळ पाणी ओढत नाही. म्हणजे माती चिंब आणि पानं मात्र सुकल्यासारखी मान टाकलेली. मालक बघतो, म्हणतो अरे बिचारं तहानलंय, आणि अजून एक तांब्या ओततो. लिंबूवर्गीय झाडांच्या मुळांवर केसासारखे सूक्ष्म मूलरोम तसेही फार कमी असतात, त्यांचा सगळा कारभार वरच्या थरातल्या बारीक तंतुमुळांवर चालतो, त्यामुळे त्यांना हा मार जास्त बसतो.

अशा ओल्या मातीत फायटोप्थोरा नावाचा सूक्ष्मजीव फोफावतो. दिसायला बुरशी, पण खऱ्या बुरशीच्या घराण्यातला नाही, आणि त्याचे बीजाणू पाण्यात चक्क पोहत मुळापर्यंत जातात. १८४५ साली आयर्लंडमधलं बटाट्याचं पीक ज्याने नासवलं त्याचाच हा भाऊबंद. लिंबात तो बारीक मुळांची साल कुजवतो.

"पण मी तर मोजूनच पाणी देतो"

रोज ठरलेलं पाणी, हीच तर गडबड. कडक उन्हात झाड भरपूर पाणी पितं, ढगाळ आठवड्यात जवळजवळ नाहीच, आणि आपलं मोजमाप मात्र तेच. कॅलेंडर सोडा, बोट घाला. वरची साधारण ५ सेंटिमीटर माती कोरडी लागली की पाणी, नाहीतर नाही. कुंडी उचलता येत असेल तर पाणी दिल्यावर एकदा आणि कोरडी पडल्यावर एकदा उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या, नंतर बोटाचीही गरज पडत नाही. द्याल तेव्हा खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि ताटलीत साठलेलं ओतून टाका.

यात एक फसवा प्रकार आहे. कोकोपीट किंवा पीट जास्त असलेलं मिश्रण एकदा खडखडीत वाळलं की आकसतं आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटतं. मग पाणी त्या फटीतून सरळ खाली येतं, भोकातून बाहेरही पडतं, आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. असं झालं असेल तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबात बसवा आणि मग नीट निथळू द्या.

"तळाला खडे घातलेत, निचरा चांगला आहे" हेही नेहमी ऐकायला मिळतं. खडे घालून निचरा वाढत नाही, उलट होतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही, माती तळाशी पूर्ण भिजेपर्यंत ते तिथेच अडून राहतं. खड्यांचा थर घातला की तो चिंब पट्टा आणखी वर, मुळांच्या जवळ येतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा आणि वरपासून खालपर्यंत एकच मोकळं मिश्रण भरा, बास.

झाड कुंडीतून बाहेर काढून बघाच

लोक याला घाबरतात, पण झाड जमिनीत नाही तर कुंडीत आहे याचा हाच तर एक मोठा फायदा आहे, आपण थेट मुळं बघू शकतो. मर वाढतच असेल तर आदल्या दिवशी हलकं पाणी देऊन, कुंडी आडवी करून गोळा अलगद बाहेर सरकवा. मुळं फिक्कट, भरीव, टोकं पांढरट असतील तर मुळं ठीक आहेत, कारण दुसरीकडे शोधायचं. मुळं तपकिरी, मऊ, आणि दोन बोटांत धरून ओढल्यावर बाहेरची साल मोज्यासारखी निघून आतला दोऱ्यासारखा गाभा उरत असेल तर मूळकूज. कुजकट वास आला तर शंकाच नको. आणि मातीच दिसत नाहीये, नुसती मुळंच गोल गोल फिरलीयेत असं असेल तर झाडाला जागा उरलेली नाही, दिलेलं पाणी टिकायला मातीच नाही.

मूळकूज असेल तर मऊ झालेली सगळी मुळं निरोगी भागापर्यंत कापायची, जुनी चिकट माती जमेल तेवढी झटकायची आणि ताज्या, भुसभुशीत मिश्रणात लावायचं. कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची घ्या, गरज पडली तर आधीपेक्षा लहानही. मोठ्या कुंडीत टाकलं की बरं वाटेल असं आपल्याला वाटतं, पण एवढीशी मुळं एवढी माती कोरडी करू शकत नाहीत, ती ओलीच राहते आणि सगळं पहिल्यापासून सुरू. मुळं गच्च झाली असतील तर उलट, आधीच्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर रुंद कुंडी, आणि गोल फिरणारी मुळं कडेने थोडी कापून मोकळी करायची.

लावताना कलमाचा जोड मातीच्या बराच वर ठेवा आणि खोडाला माती चढवू नका. डिंक्या सगळ्यात सहज तिथूनच लागतो, ओली माती खोडाला टेकली की. लागलाच असेल तर माती बाजूला ओढून खोड उघडं आणि कोरडं ठेवा, कुजलेली साल खरवडून काढा आणि तिथे बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा.

"मग औषध मारायचंच नाही का?"

वाळलेल्या काडीवर बारीक काळे ठिपके दिसतात, लोक म्हणतात बघा, बुरशी! बुरशी आहेच, बहुतेक वेळा कोलेटोट्रायकम नावाची. पण ती आधीच अशक्त झालेल्या, मरायला टेकलेल्या काडीवर चढते, निरोगी फांदीला सहसा काही करत नाही. तिला मारून फांदी परत येत नाही, आणि मुळं तशीच असतील तर पुढची फांदी वाळणारच.

दुसरं, हातात असेल ते बुरशीनाशक कुंडीत ओतू नका. घरोघरी असतं ते कार्बेन्डाझिम फायटोप्थोरावर चालतच नाही, तो खरी बुरशी नसल्यामुळे. त्याच्यासाठी मेटॅलॅक्सिल किंवा फोसेटिल-एएल सारखी वेगळी औषधं असतात, ती लेबलावर लिहिलेल्या मापानेच आणि फळ खाणार असाल तर तोडणीआधी किती दिवस थांबायचं ते वाचूनच वापरायची. पण निचरा सुधारल्याशिवाय तीसुद्धा काही महिन्यांची उसनवारी आहे.

कीड असेल तर गोष्ट वेगळी. खवले कीड फांदीवर सालीच्या गाठीसारखी दिसते, नखाने सुटली तर कीड, नाही सुटली तर साल. खोडावरून मुंग्यांची रांग आणि पानावर काळी काजळी असेल तर वर खवले कीड, मावा किंवा पिठ्या ढेकूण नक्की आहे. साबणाचं पाणी किंवा बागेसाठीचं तेल संध्याकाळी फवारा, भर उन्हात किंवा तहानलेल्या झाडावर नको, पानं भाजतात.

कापायचं कुठपर्यंत

वाळलेलं परत हिरवं होत नाही, तेव्हा ते काढायचं. जिथे हिरवं सुरू होतं त्याच्या थोडं खाली, एखाद्या डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते तो कोंब) जरासं वर कापा आणि काप बघा. पूर्ण फिक्कट आणि स्वच्छ असेल तर झालं. मधे किंवा कडेला तपकिरी डाग असेल तर अजून खाली या. प्रत्येक झाडाच्या आधी कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा, आणि एखादी फांदी रोगट वाटली तर दोन कापांच्या मधेही पुसा. थंडीने करपलेलं झाड असेल तर मात्र लगेच कापू नका, नवी फूट येऊ द्या, खरं नुकसान कुठपर्यंत आहे ते तेव्हाच कळतं.

कापलेल्या जागी मेण, रंग, पेस्ट? बारीक फांद्यांना काहीही लागत नाही. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी करवतीने हजारो झाडं चिरून दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही, ते जखमेभोवती आतून भिंत बांधतं, आणि वरून लावलेला रंग कूज थांबवत नाही. बोर्डो पेस्टचं काम डिंक्या लागलेल्या खोडावर आहे, प्रत्येक काडीच्या टोकावर टिळे लावत बसायची गरज नाही.

हिरवी पानं असलेल्या फांद्या मात्र "बॅलन्स" करायला म्हणून छाटू नका. लिंबूवर्गीय झाड सदाहरित आहे, त्याचा साठा बराचसा पानांत आणि फांद्यांत असतो, आणि नवीन मुळं त्याच्यावरच येणार आहेत. काढायचं तर फळं आणि फुलं काढा. जिवावर येतं, पण आजारी झाडावरचं प्रत्येक फळ हा खर्च आहे.

पानं गेल्यावर उघडी पडलेली साल उन्हाने भाजते, लिंबाची साल पातळ असते. पाण्यात विरघळणारा पांढरा रंग निम्मं पाणी घालून खोडावर आणि उघड्या फांद्यांवर लावून टाका, आणि झाड काही दिवस उजेड भरपूर पण कडक ऊन नाही अशा जागी ठेवा.

खत कधी

मुळं आजारी असताना खत म्हणजे क्षारांचा भार, आणि क्षार जास्त झाले की मुळातून पाणी ओढणं अजून अवघड होतं. कुंडीच्या काठावर पांढरा थर आणि पानांची टोकं करपलेली, हे त्याचं चिन्ह. असं असेल आणि निचरा चांगला असेल तर कुंडीच्या दुप्पट मापाचं साधं पाणी हळूहळू सोडून माती धुऊन काढा. नवीन फूट दिसायला लागली की मगच थोडं थोडं खत.

फूट आल्यावर पानं वाचा. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या तर लोह, नवीन पानं बारीक, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळी तर जस्त, आणि जस्त फार कमी पडलं तर त्यानेही शेंडे वाळतात. जुनी पानं सगळीच फिकी पडत गेली तर नत्र. बऱ्याचदा लोह आणि जस्त मातीत असतं, पण जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) ७ च्या वर गेला की मुळाला ते घेता येत नाही, म्हणून नुसतं ओतत राहण्यापेक्षा सामू तपासलेला बरा. लिंबाला साधारण ५.५ ते ६.५ मानवतो.

सगळं केलं तरी अजून वाळतंय!

वाळणारच थोडं. ज्या काड्यांचा पुरवठा आधीच तुटला होता त्या पुढचे काही आठवडे वाळत राहतात, त्यावरून उपाय फसला असं ठरवून परत उपटून बघू नका. झाड आधी खाली मुळं करतं, वर काही दिसायला वेळ लागतो, आणि थंड दिवसांत तर फारच, कारण साधारण १३ अंशांच्या खाली लिंबाची वाढ जवळपास थांबते. थंड प्रदेशात काचेआड उन्हात ठेवलेल्या झाडाची हीच पंचाईत होते, पानं उन्हात पाणी उडवतात आणि गार मातीतली मुळं काम करत नाहीत. तिथे कुंडी गार फरशीवरून उचलून ठेवणं हा पण उपचारच.

हिरव्या फांदीवर डोळे फुगायला लागले की समजा गाडी रुळावर आली. सरळसोट जोरदार पाणसोट आले आणि ते कलमाच्या वरून आले असतील तर सध्या राहू द्या, पानं कोणाचीही असोत, कामाची आहेत.

जिथे उपाय चालत नाहीत

पानांवर पिवळे-हिरवे ढब्बे आहेत आणि मधल्या शिरेच्या दोन बाजूंना ते एकसारखे नाहीत, फळं वाकडी आणि कडवट, आणि फांद्या एकामागून एक वाळतायत, तर ग्रीनिंग या जिवाणूमुळे होणाऱ्या रोगाची शंका घ्या. अन्नद्रव्याची कमतरता शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखी दिसते, ग्रीनिंग वेडंवाकडं दिसतं. हा जिवाणू सिट्रस सायला नावाची छोटी कीड पसरवते, फ्लोरिडात तो २००५ साली सापडला आणि तिथल्या संत्र्यांच्या बागा त्याने आडव्या केल्या. यावर इलाज नाही. डोळ्यांनी नक्की ठरवता येत नाही, प्रयोगशाळेत तपासणी लागते, म्हणून कृषी विभागाला दाखवा, आणि त्या झाडाची फांदी कलमासाठी कोणालाही देऊ नका.

आणि खरवडत खरवडत कलमाच्या जोडापर्यंत आलात, वर सगळं तपकिरी आणि जोडाखाली हिरवं, तर तुमचं लिंबू गेलंय, उरलाय तो खुंट, म्हणजे ज्या झाडावर कलम केलं होतं त्याचा खालचा भाग. त्यातून जोरात फूट येते, भरपूर काटे, कधी एकाच देठावर तीन तीन पानं, आणि लोक खूश होतात की झाड वाचलं. ते वाढेल, फळही देईल, पण खुंटाचं. डोळा भरता येत असेल तर त्यावर हव्या त्या लिंबाचा डोळा परत भरता येतो, मुळं तयारच आहेत. बीपासून वाढवलेलं झाड असेल तर हा प्रश्नच येत नाही, मातीच्या अगदी लगत एखादा डोळा जिवंत राहिला तरी त्यातून येणारं झाड तुमचंच.